विचारा बाईंना : वर्गात पिस्तूल घेऊन जाऊ का?

प्रश्न : बाई, माझी मुलगी टेक्सासमध्ये एका लहान गावातल्या शाळेत चौथीला शिकवते. तिच्या शाळेने स्टाफला विचारलंय की ट्रेनिंग घेऊन शाळेत पिस्तूल बाळगायला कोण तयार आहे. जावई म्हणतात हो म्हण, तुझ्याच सेफ्टीसाठी आहे. ती रात्री फोनवर रडली. मला इथे झोप नाही. तिला काय सांगू?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

बाई : ताई, आधी एक सांगते म्हणजे तुमचा जीव थोडा खाली बसेल, हे तिथे ऐच्छिक असतं. नाही म्हटलं म्हणून कोणी नोकरीवरून काढत नाही, त्यामुळे रडायचं कारण निम्मं तरी कमी करा.

आता हे कुठून आलं ते बघू. टेक्सासात उवाल्डे नावाच्या गावात 24 मे 2022 ला प्राथमिक शाळेत गोळीबार झाला, 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्यानंतर 2023 मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला की प्रत्येक शाळेत एक हत्यारबंद सुरक्षा अधिकारी पाहिजेच. पण लहान गावातल्या शाळांकडे ना तेवढा पैसा ना तेवढे पोलीस, मग पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा, स्टाफपैकीच कोणाला तरी तयार करा. तशी सोय तिथे जुनीच आहे, हॅरल्ड नावाच्या एका छोट्या गावातल्या शाळेने 2007 पासूनच शिक्षकांना परवानगी दिलेली, कारण शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी येईपर्यंत काय करायचं हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न खोटा नाहीये हां, उगाच त्यांना वेडं ठरवू नका. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या आतल्या पाड्यावर रात्री काही झालं तर पोलीस कधी पोचतात ते आपल्याला माहितीये.

पण जावईबापूंच्या डोक्यात जो सीन आहे ना, की हल्लेखोर आला आणि हिने पर्समधून पिस्तूल काढून त्याला टिपला, तिथे मला अडायला होतं. उवाल्डेला त्या दिवशी एकूण 376 पोलीस आणि बाकीचे अधिकारी जमले होते, सगळे ट्रेनिंग घेतलेले, आणि आत शिरून हल्लेखोराला मारायला 77 मिनिटं लागली. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत 2018 मध्ये गोळीबार झाला तेव्हा शाळेचा स्वतःचा हत्यारबंद पोलीस हजर होता, तो बाहेरच थांबला, आत 17 जण गेले. कोलोराडोतल्या कोलंबाइन शाळेच्या गोळीबारात 1999 मध्ये तर शाळेच्या पोलिसाने गोळ्या झाडल्यासुद्धा, लागली एकही नाही. न्यूयॉर्क पोलिसांचा रँड नावाच्या अमेरिकी संशोधन संस्थेने अभ्यास केला होता, समोरून पण गोळ्या येत असतील तेव्हा त्यांच्या साधारण 18 टक्केच गोळ्या नेम धरलेल्या माणसाला लागल्या. उरलेल्या कुठे गेल्या असतील ते चौथीच्या वर्गात उभं राहून विचारात घ्या. आपल्या नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर नेमबाजांच्या मनावरच काम करायचे, आणि ते खेळाडू कोण तर देशाच्या टीममधले, समोर कागदाचं टार्गेट, ते उलट गोळी मारत नाही. तरी मन ताब्यात ठेवायला त्यांना वर्षानुवर्षं लागायची. तिकडे टेक्सासात स्कूल मार्शल, म्हणजे शाळेत पिस्तूल बाळगणारा स्टाफमधला माणूस, व्हायला 80 तासांचं ट्रेनिंग आहे. ओहायो राज्यात तर 2022 मध्ये कायदा बदलून ते जास्तीत जास्त 24 तासांवर आणलं, आधी 700 च्या वर तास लागायचे. 24 तासात आपल्याकडे टू-व्हीलरसुद्धा धड येत नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. गोळीबार होण्याचा दिवस तिच्या शाळेत बहुतेक कधीच येणार नाही, देव करो न येवो. पिस्तूल मात्र रोज येणार. सकाळी येणार, मधल्या सुट्टीत असणार, मुलं येऊन बाईंना मिठी मारतात तेव्हा कमरेला असणार, पीटीच्या तासाला असणार, बाथरूमला जाताना पण असणार. बाथरूमचं मुद्दाम लिहिलं, 2014 मध्ये यूटा राज्यात एका शिक्षिकेचं पिस्तूल शाळेच्या बाथरूममध्येच सुटलं आणि तिच्याच पायाला जखम झाली. कॅलिफोर्नियात 2018 मध्ये एक सर वर्गात बंदुकीची सेफ्टी शिकवत होते, ते स्वतः राखीव पोलीस पण होते, त्यांच्याच हातून गोळी छतात गेली आणि खाली बसलेल्या पोराला लागलं.

मी शाळेत असताना बरीच वर्षं एनसीसी सांभाळली, त्यामुळे बंदुकीशी माझं वैर नाही. देवळालीकडे फायरिंगला न्यायचो, पॉइंट टू टू रायफल, एका पोरीला पाच राउंड. फायरिंग दोन मिनिटांत संपायचं, पण त्यानंतरचं बघण्यासारखं असायचं. हवालदार रिकामी काडतुसं गोळा करून ओळीने मांडायचा आणि मोजायचा, दिलेल्या राउंडशी ताळा लागलाच पाहिजे. एकदा एक कमी भरलं तर अख्खी तुकडी, मी धरून, गवतात गुडघ्यावर बसून शोधत होतो, उन्हाने डोकं फुटायची वेळ आली, डबे तसेच पडलेले, पण ते सापडेपर्यंत गाडी हलली नाही. ते काय, रिकामं पितळ, कोणाला काही करणार नाही, तरी एवढा कडकपणा. आणि रायफली शाळेत नाही, बटालियनला परत, कुलपात. म्हणजे ज्यांचा तो रोजचा धंदा आहे ते एवढे घाबरून असतात. आता तीस पोरांच्या वह्या तपासणाऱ्या बाईने हा कडकपणा एकटीने रोज सांभाळायचा म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

तर मुलीला सांगा नाही म्हण, आणि रडत नको, मीटिंगमध्ये सरळ प्रश्न विचार. जो कोणी घेणार आहे तो ते अंगावर ठेवणार की तिजोरीत, त्याची सुट्टी असेल त्या दिवशी ते कुठे, पोलीस आत शिरले तर साध्या कपड्यातला पिस्तूलवाला शिक्षक त्यांना कळणार कसा, कारण तिथे मार्शलचं नाव गुप्त ठेवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळेतल्या मुलांच्या घरी बंदुका कुलपात आहेत का हे पालकांना कोणी विचारतंय का. अमेरिकेच्याच सीक्रेट सर्व्हिसने शाळांमधले हल्ले तपासले तर बंदूक वापरणाऱ्या दर चारपैकी साधारण तिघांनी ती आईवडिलांच्या नाहीतर जवळच्या नातेवाइकाच्या घरूनच आणलेली. मिशिगनला 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत चार मुलं गेली, त्या केसमध्ये 2024 ला गोळ्या झाडणाऱ्या पोराच्या आईबापाला पण शिक्षा झाली, 10 ते 15 वर्षं. म्हणजे तिथल्या कोर्टालाही आता कळायला लागलंय की धागा कुठून सुटतो. जावयांना रागवू नका, ते काळजीनेच बोलताहेत.

प्रश्न : बाई, मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषद शिक्षक आहे. उत्तराखंडातल्या काशीपूरची बातमी वाचली, पोरगा डब्यातून पिस्तूल आणतो आणि सरांवर गोळी झाडतो. उद्या आमच्याकडे पण होईल. शिक्षकांना लायसन द्यायला काय हरकत आहे?

बाई : सर, ती बातमी ऑगस्ट 2025 ची, नववीतला पोरगा, सरांनी थोबाडीत मारल्याचा राग डोक्यात. गोळी मागून लागली. मग तुमच्या कमरेला पिस्तूल असतं तर काय केलं असतं, फळ्याकडे पाठ करायचीच नाही का? आणि समजा वेळ मिळाला, समोर नववीतला तुमचाच विद्यार्थी, गोळी घालाल? तुम्ही नाही घालणार, आणि नाही घालणार म्हणूनच तर मास्तर झालात.

शेजारी पाकिस्तानात हे करून झालंय. पेशावरच्या शाळेवर 16 डिसेंबर 2014 ला हल्ला झाला, शंभरावर मुलं गेली, मग तिथल्या प्रांताने शिक्षकांना हत्यार बाळगायची परवानगी दिली, ट्रेनिंग दिलं. जानेवारी 2016 मध्ये चारसद्दाच्या विद्यापीठावर हल्ला झाला तेव्हा रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी स्वतःच्या पिस्तुलाने अतिरेक्यांना थोपवून धरलं, पोरं पळाली, ते मात्र गेले. हे मी लपवणार नाही, त्या माणसाला सलाम. पण त्याच्याच आदल्या वर्षी स्वातमध्ये एका शिक्षकाच्या हातून शाळेत पिस्तूल साफ करताना गोळी सुटली आणि शाळकरी पोरगा मेला, तिथे अतिरेकी कोणी नव्हता.

लायसन तर आजही मागता येतं, 1959 चा आर्म्स ॲक्ट आहे, ग्रामीणला कलेक्टर ऑफिस, नाशिक शहरात पोलीस आयुक्त, जिवाला धोका आहे हे पटवून द्या. पण निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेकांना हत्यार पोलीस स्टेशनला जमा करावं लागतं, आणि तेव्हा तुम्ही नेमके इलेक्शन ड्युटीवर! खिचडीचा हिशोब, बीएलओचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, एवढ्यात आणखी पिस्तूल कुठे अडकवणार सर. त्यापेक्षा पोराला मारू नका, आणि कोणी पोरगा दोन दिवस गप्प-गप्प दिसला, नाहीतर रीलमध्ये कोयता नाचवताना दिसला तर मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन बोला, घरी जाऊन या. हे सगळ्यांना जमत नाही, तुम्हाला जमेल असं पत्रावरून वाटतंय.

प्रश्न : माझ्याकडे लायसनची रिव्हॉल्वर आहे, धंद्यामुळे घेतली होती. मुलगा आठवीत. बायको म्हणते घरात नको. मी कपाटात कपड्यांखाली ठेवतो, त्याला माहीत नाही. बायको ओव्हररिॲक्ट करतेय का?
– सातपूर

बाई : नाही. आठवीतल्या पोराला घरातलं सगळं लपवलेलं माहीत असतं, दिवाळीच्या करंज्यांचा डबा कुठे आहे इथपासून.

गुरगावला 2007 च्या डिसेंबरमध्ये आठवीच्याच दोन मुलांनी वर्गातल्या मुलाला गोळ्या घातल्या, पिस्तूल वडिलांचं. यमुनानगरला 2018 मध्ये बारावीच्या मुलाने प्रिन्सिपल मॅडमना मारलं, वडिलांची लायसनची रिव्हॉल्वर. बिहारमध्ये सुपौलला जुलै 2024 मध्ये पाच वर्षांच्या पोराने दप्तरातून पिस्तूल आणून तिसरीतल्या मुलाच्या हातावर गोळी झाडली, पाच वर्षांच्या! लायसन घेताना हत्यार नीट सुरक्षित ठेवीन असं तुम्ही लिहून दिलेलं असतं, कपड्यांखाली म्हणजे सुरक्षित नव्हे.

धंद्यातला धोका संपला असेल तर पोलीस स्टेशनला नाहीतर लायसनवाल्या आर्म्स डीलरकडे जमा करून टाका, तशी सोय कायद्यात आहे. ठेवायचीच असेल तर भिंतीत बोल्ट केलेली छोटी तिजोरी आणा, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्याच जवळ, आणि नंबरचं लॉक असेल तर मुलाची जन्मतारीख टाकू नका. जमा केलीत तर पावती घ्या, लायसनची झेरॉक्स सोबत न्या, आणि रिन्यूअलची तारीख बायकोच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा, तिच्या लक्षात राहील.