अपलोड झालेल्या फोटोची तारीख आणि ठिकाण कधी मिळतं, कधी रिकामं का येतं?

फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली तारीख-ठिकाणासारखी माहिती म्हणजे एक्झिफ. ती सर्व्हरवर वाचणारं पीएचपीचं 'एक्झिफ_रीड_डेटा' हे फंक्शन काही फोटोंची तारीख-ठिकाण देतं आणि काहींचं काहीच देत नाही, असं तुम्ही म्हणताय. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या फोटोंची साइट आम्ही ऐरोलीतल्या चौघांनी केली, तेव्हा मी इथेच दोन दिवस अडकलो होतो.

तुमचा पीएचपीचा कोड बहुधा बरोबर आहे. अपलोडआधी ब्राउझरमध्ये फोटो लहान करताय का, ते आधी बघा. डेटा कमी लागावा म्हणून आम्ही मोठे फोटो कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या जागेवर, काढून लहान करायचो. कॅनव्हासपाशी फक्त रंगांचे पिक्सेल असतात, त्यामुळे त्यातून निघालेल्या नव्या जेपेगमध्ये एक्झिफ नसतंच. मुळात लहान असलेले फोटो जसेच्या तसे जायचे, म्हणून फक्त त्यांचीच माहिती दिसायची.

तेव्हा आधी मूळ फाइलमधून जावास्क्रिप्टने एक्झिफ वाचा, मग फोटो लहान करा आणि ती माहिती वेगळी पाठवा. अख्खी फाइल वाचायची गरज नाही. जेपेगमध्ये एक्झिफ सुरुवातीलाच असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोसारखं आलेलं चित्र असेल तर मात्र इलाज नाही, त्यातलं एक्झिफ आधीच गेलेलं असतं.

तारखेसाठी फाइलचं 'लास्टमॉडिफाइड' (फाइल शेवटची बदलल्याची वेळ) वापरू नका. फोटो कॉपी किंवा एडिट केला की ते बदलू शकतं. एक्झिफमधलं 'डेटटाइमओरिजिनल' (फोटो काढल्याची वेळ) घ्या.

ठिकाण पीएचपीत अपूर्णांकांच्या स्ट्रिंगमध्ये येतं: '19/1', '12/1', '3600/100'. म्हणजे 19 अंश, 12 मिनिटं, 36 सेकंद. मिनिटांना 60 ने, सेकंदांना 3600 ने भागून बेरीज केली की 19.21.

आणि हे कृपया टाळू नका: मिळालेलं ठिकाण जसंच्या तसं नकाशावर दाखवू नका. एका मुलीने घराच्या गॅलरीतून काढलेला फोटो टाकला आणि आमच्या नकाशावर थेट तिची इमारत उमटली. तिने सांगेपर्यंत आम्हाला पत्ताही नव्हता. त्या रात्रीच आम्ही सगळ्या नोंदी दोन दशांश स्थळांपर्यंत आणल्या, म्हणजे साधारण एक किलोमीटरचा अंदाज उरतो, आणि सर्व्हरवरच्या मूळ फोटोंतलं जीपीएसही काढून टाकलं.