पाण्याची भीती आणि उन्हाळी बॅच

एप्रिल जवळ आला की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो: मूल पाण्याला घाबरते, तर त्याला पोहण्याच्या उन्हाळी बॅचला घालावे की आणखी एक वर्ष थांबावे? बहुतेक वेळा घरातच दोन मते असतात. एकाला वाटते की एकदा पाण्यात टाकले म्हणजे भीती आपोआप मोडेल, तर दुसऱ्याला रडणाऱ्या लेकराला ओढत नेणे पटत नाही. पुण्यातील एका कुटुंबाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगी सात वर्षांची होती. आदल्या उन्हाळ्यात तिला एका तरणतलावावर घातले होते. पहिल्याच दिवशी तेथील प्रशिक्षकांनी उथळ पाण्यात उभ्या असलेल्या मुलांची डोकी काही न सांगता एकामागून एक पाण्याखाली दाबली. बाकीची मुले खोकून, डोळे चोळून मोकळी झाली. हिने मात्र काठाची दांडी जी धरली ती आईने बाहेर काढेपर्यंत सोडली नाही. त्यानंतर तलाव बंद झाला आणि हळूहळू डोक्यावरून नहाणेही अवघड होऊन बसले. केस धुताना ती घडी केलेला नॅपकिन दोन्ही हातांनी डोळ्यांवर दाबून धरायची, आणि आईने एकेक तांब्या मागच्या बाजूनेच ओतायचा, असा शिरस्ता पडला होता.

वडिलांचे बालपण कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात गेलेले. ते म्हणाले, "मॅडम, आम्हांला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं, चार दिवसांत पोहायला लागलो. हिचे लाड जरा जास्तच होतात." मी त्यांना तो प्रसंग पहिल्यापासून सविस्तर सांगायला लावला, आणि सांगता सांगता त्यांचे त्यांनाच बरेच काही आठवत गेले. ढकलण्यापूर्वीची कितीतरी दुपार त्यांनी विहिरीच्या पायऱ्यांवर, पाण्यात पाय सोडून, थोरल्या चुलतभावांच्या उड्या पाहण्यात घालवली होती. डबा बांधायच्या आधी पांगाऱ्याचा बिंडा बांधून ते पायरीजवळच हातपाय मारत असत. ढकलले त्या दिवशी चुलते आधीच पाण्यात उतरलेले होते आणि कमरेच्या दोराचे दुसरे टोक वर आजोबांच्या हातात होते. एवढी सगळी तयारी विसरली गेली आणि आठवणीत उरले ते फक्त ढकलणे. "धाडस करायला लावा" असा आग्रह धरणाऱ्या अनेक पालकांच्या बाबतीत मी हेच पाहिले आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांची गोष्ट नीट ऐकून घेणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

भीती पायरीपायरीने कमी होते, हे मानसशास्त्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये पीटर नावाच्या लहान मुलाची नोंद प्रसिद्ध केली. सशाला घाबरणाऱ्या या मुलाच्या आवडीच्या खाण्याच्या वेळी ससा आधी दूर ठेवला गेला आणि मग त्याला सोसेल तसा जवळ आणला गेला. उलट बाजूही तितकीच खरी आहे. रडू येताच दर वेळी मुलाला घरी नेले, तर सुटका झाल्याचे समाधान मिळते आणि पुढच्या खेपेस भीती आणखी पक्की होते. म्हणून या आईबाबांना मी ना ढकलायला सांगितले, ना सोडून द्यायला.

पहिले काम होते ते नेमके कशाचे भय वाटते हे जाणून घेण्याचे. मी मुलीला तलावाचे चित्र काढायला सांगितले. तिने निळे पाणी रंगवले, काठ काढला आणि तळाशी काळ्या पेन्सिलने एक चौकोन इतका गिरवला की कागद फाटायला आला. ती तळाची जाळी होती. एका मोठ्या मुलाने तिला सांगितले होते की ती माणसाला आत ओढते. वर्षभर घरात कुणालाही याचा पत्ता नव्हता, कारण सगळे जण "घाबरू नकोस, काही होत नाही" एवढेच म्हणत होते.

हे वाक्य मी बंद करायला सांगितले. नाकात पाणी गेले तर झणझणते, खोकला येतो आणि थोड्या वेळाने थांबतो, हे खरे तिला सांगावे, म्हणजे तसे घडले तरी मोठ्यांच्या शब्दावरचा तिचा विश्वास उडत नाही. माझ्या मते संपूर्ण तयारीत याहून महत्त्वाचे काही नाही. पाण्यावर तरंगण्याआधी मुलाला कुणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते.

घरच्या तयारीत तांब्या आईकडून मुलीच्या हातात आला. आधी खांद्यावर, मग मानेवर, मग कपाळावर पाणी घ्यायचे, आणि किती घ्यायचे ते तिनेच ठरवायचे. पुढे टबात तोंड घालून बुडबुडे काढणे सुरू झाले. तोंड मिटून "हंऽऽ" असा हुंकार दिला की नाकातून हवा बाहेर येत राहते आणि पाणी आत शिरत नाही. हे उमगल्यावर तिने नॅपकिन आपणहून बाजूला ठेवला. गॉगल आणि टोपी घालून ती घरभर हिंडू लागली, तेव्हा बाबांनी बॅचची चौकशी केली.

या वेळी तलाव दुसरा निवडला. आईबाबांनी प्रशिक्षकांना आधीच भेटून दोन गोष्टी ठरवल्या: न सांगता डोके पाण्याखाली न्यायचे नाही, आणि तिने हात वर केला की थांबायचे. बॅच सुरू होण्यापूर्वी ती नुसती पाहायला गेली. शॉवर कुठे, कपडे कुठे बदलायचे, आई कोणत्या बाकावर बसणार, हे तिने पाहून घेतले. सरांनी काठावरून जाळी दाखवली. पाणी तिथून गाळायला जाते आणि स्वच्छ होऊन परत येते, ती पक्की बसवलेली असते आणि तरीही तिच्याजवळ खेळायचे नाही, असे त्यांनी सांगितले. शेवटचे वाक्य त्यांनी टाळले नाही, याचे मला फार बरे वाटले.

पहिल्या आठवड्यात ती पायरीवर बसून पाय मारण्यापलीकडे गेली नाही. बाबांचा धीर सुटत होता. उशीर तर झाला नाही ना, असे त्यांनी मला विचारलेही. बहुतेक मुले साधारण चौथ्या वर्षापर्यंत पोहणे शिकण्याजोगी होतात, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सहा वर्षांवरील शाळकरी मुलांना पोहण्याची आणि जलसुरक्षेची मूलभूत कौशल्ये शिकवण्याची आहे. सातवे वर्ष म्हणजे उशीर नव्हे. मात्र भीती सहा महिन्यांहून अधिक टिकून अंघोळ, सहल, शाळा यांत अडथळा आणत असेल, तर बॅचचा विचार बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांना भेटावे, असे मी आवर्जून सांगते. या मुलीची भीती त्या वळणावर पोहोचली होती. म्हणूनच तिची तयारी फेब्रुवारीतच सुरू केली.

मेअखेर ती फ्लोट धरून उथळ भागाची रुंदी पार करू लागली आणि सुट्टीत गावी जायचे ठरले. निघण्यापूर्वी मी तिघांनाही बसवून एक नियम ठरवून घेतला. थोडेफार येऊ लागलेले मूल अधिक धीट होते, विहिरीला उथळ भाग नसतो, आणि बुडणारे मूल बहुतेकदा हाकही मारू शकत नाही. त्यामुळे पोहता येणारे मोठे माणूस हाताच्या अंतरावर, पाण्यातच असल्याशिवाय तिने पाण्यात उतरायचे नाही. गावच्या विहिरीत आपण आधी उतरू, हे बाबांनी स्वतःच सांगितले. पाठीला काय बांधायचे, ते मुलीने विचारले.