डी अँड डीमध्ये विझार्डपुढे फायटर फिका पडतो. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) जादू कमी करावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या डी अँड डीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका-खेळ) सातव्या लेव्हलला आल्यापासून विझार्डच (जादूगार) सगळं उरकून टाकतो, फायटर (लढवय्या) खेळणारा मित्र नुसता बसून असतो, म्हणून फायरबॉल या आगीच्या स्पेलचा (मंत्राचा) डॅमेज कमी करायच्या विचारात आहात. नका करू. मी केलंय. आठ डी-सिक्सचा (सहा बाजूंच्या आठ फाशांचा) फायरबॉल सहावर आणला. विझार्डवाला रुसला आणि फायटरवाल्याला काडीचा फरक पडला नाही, कारण त्याचं दुखणं डॅमेजचं नव्हतंच.

आधी सांगा, तुमच्याकडे दोन लाँग रेस्टच्या (पात्रांच्या रात्रभराच्या झोपेच्या) मध्ये लढाया किती होतात? माझा अंदाज, एक. बैठकीत एकच मोठी लढाई मावते, ती संपली की सगळे 'आता झोपतो' म्हणतात. खेळाच्या पाचव्या एडिशनचं गणित त्यासाठी मांडलेलंच नाही. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडने दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरल्या आहेत. सातव्या लेव्हलच्या विझार्डकडे 11 स्लॉट (स्पेल टाकायची शिल्लक) असतात, त्यात तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलचे तीन आणि चौथ्याचा एक. हे सहा चकमकींना पुरवायचे म्हटले की तो चिक्कू होतो, प्रत्येक फायरबॉलआधी खिसा चाचपतो. एकाच चकमकीत उधळायचे असतील तर तो राजाच. फायटरचे दर पाळीचे दोन वार मात्र सकाळी तेवढेच आणि संध्याकाळीही तेवढेच. त्याचे अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (थोडी ताकद परत) तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत येतात, पण तुमच्याकडे शॉर्ट रेस्ट कुणी घेतच नसणार.

एका बैठकीत सहा लढाया कोंबा असं मी म्हणत नाही. खेळातला एक दिवस तीन बैठका चालू द्या. गुहेत मध्येच थांबा, कोणाचे किती स्लॉट उरले ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथून सुरू करा. शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची करायचा पर्यायी नियमही त्याच पुस्तकात आहे. प्रवासाच्या कथेला तो छान बसतो, फक्त मेज आर्मरसारखे आठ तास टिकणारे स्पेल त्यात मार खातात, हे विझार्डवाल्याला आधीच सांगा.

आता खरं दुखणं. आमच्या टेबलावर किल्ल्यात शिरायचा प्रसंग होता. विझार्ड अदृश्य झाला, उडत तटावरून आत गेला आणि दार उघडून मोकळा. दहा मिनिटांत संपलं. तेवढ्या वेळात फायटरवाल्याने सात फाशांचा मनोरा रचला होता, वर डी-फोर टोकावर उभा करायचा प्रयत्न चालला होता. घरी जाताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला : इन्व्हिजिबिलिटी आणि फ्लाय, दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लक्ष धरून ठेवणं) लागतं. एका वेळी एकच. कित्येक महिने मी हे सोडून देत होतो! तेव्हा नवे नियम बनवण्याआधी स्पेलचा मजकूर नीट वाचा. नॉकने कुलूप उघडतं, पण त्याचा ठोका 300 फुटांपर्यंत ऐकू जातो. उडणाऱ्या विझार्डला बाण लागला तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरायचा फासा), डीसी (गाठायचा आकडा) 10 किंवा डॅमेजच्या निम्मा, जो जास्त असेल तो. चुकला की खाली.

तरीही एक फरक उरतोच. विझार्ड सांगतो, 'मी हे करतो', आणि ते होतं. फायटरला विचारावं लागतं, 'मला हे जमेल का?' मग आपण डीसी 20 ठेवतो, तो नऊ टाकतो, सगळे हसतात. माझ्या मते सगळं असंतुलन या दोन वाक्यांत आहे. म्हणून फायटरच्या हातखंड्याच्या गोष्टींना मी फासा मागणं बंद केलं. पुढच्या किल्ल्यापाशी त्याला थेट सांगितलं : तीन पहारेकऱ्यांपैकी दोघे मुरलेले आहेत, तिसऱ्याला ढाल धड धरता येत नाही. त्यावर विझार्डवाल्याने त्याला विचारलं, 'मग मी स्लीप (झोपवायचा स्पेल) कोणावर टाकू?' 2024 च्या नियमांतही या दिशेने थोडं झालंय, फायटरला सेकंड विंडचा एक वापर खर्चून फसलेल्या अ‍ॅबिलिटी चेकमध्ये (जमतं का ते ठरवणाऱ्या फाशात) डी-टेन मिळवता येतो. मला ते अजून अपुरंच वाटतं.

हे भांडण जुनंच आहे. 1974 च्या पहिल्या खेळात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला एकच स्पेल मिळायचा. लेव्हल चढायला त्याला 2500 एक्सपी (अनुभवाचे गुण) लागायचे, फायटरला 2000. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीत स्पेल टाकताना घाव बसला की स्पेल वाया. 2000 सालच्या तिसऱ्या एडिशनने सगळ्यांना एकच एक्सपी तक्ता दिला, घाव बसूनही फासा चांगला पडला तर स्पेल वाचू लागला, आणि दरी रुंदावली. 2008 च्या चौथ्या एडिशनने सगळ्या क्लासना एकाच साच्यातल्या पॉवर्स देऊन ती बुजवली, तर लोक म्हणाले सगळेच सारखे वाटतात. पाथफाइंडर या डी अँड डीच्या भाऊबंद खेळाची दुसरी एडिशन मला जास्त पटते : दर पाळीला तीन अ‍ॅक्शन, बहुतेक स्पेलना त्यातल्या दोन. आर्स मॅजिका (1987) हा जादूगारांचा खेळ तर संतुलनाच्या फंदातच पडत नाही. जादूगार वरचढच, पण तो आळीपाळीने वेगवेगळ्या खेळाडूंकडे येतो.

एक मात्र कबूल करतो. तेराव्या लेव्हलला टेलिपोर्ट (क्षणात दूर पोचवणारा स्पेल) हातात आला की माझे हे सगळे उपाय लंगडे पडतात. शत्रूची घोडदौड, पुराने तुटलेला पूल, काहीच आड येत नाही. मी मोहीम बाराव्या लेव्हलच्या आसपास संपवतो आणि नवी पात्रं काढायला लावतो.