देवाशिवायचं कनान

चि. बाळास,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझ्या प्रार्थनेच्या वहीचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालं. खाली लिहिलं आहेस, 'मावशी, काही राहिलं का बघा.' प्रीलिम्स, मेन्स, बाबांची शुगर, इंदुरातल्या भंवरकुआच्या खोलीचं वाढलेलं भाडं, ताईचं लग्न. पुऱ्या झालेल्या मागण्यांपुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण. यातली एकही मागणी वावगी नाही. पण अख्ख्या पानावर देव आहे तो पाकिटावरच्या पत्त्याइतकाच. पत्र त्याच्या नावाने, आतला मजकूर सगळा तुझ्या कामांचा. राहिलंय ते हेच.

बायबलमधल्या निर्गमाचा तेहेतिसावा अध्याय काढ. इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्याचं प्रकरण नुकतंच झालेलं. देव त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला सांगतो, जा, वचन दिलेला कनान देश तुम्हाला मिळेल, पुढे माझा दूत पाठवतो, शत्रूंना घालवून देतो, दुधामधाच्या देशात पोहोचाल. मी मात्र तुमच्याबरोबर येणार नाही. नीट बघ, यात नाकारलंय काय? देश मिळतोय, संरक्षण मिळतंय, दूतसुद्धा मिळतोय. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण पडेल असाच हा प्रस्ताव आहे. आणि मोशे तो घेत नाही! तू स्वतः येणार नसशील तर आम्हाला इथून हलवूच नकोस, म्हणतो. 'इथून' म्हणजे उजाड रानातून, जिथे पाण्यासाठी लोक त्याच्या अंगावर धावून आले होते. देवाशिवायच्या कनानापेक्षा त्याला ते रान परवडतं.

तू मोशेच्या जागी असतास तर? खरं उत्तर स्वतःला दे, मला कळवू नकोस. सिलेक्शन झालं, पोस्टिंग मिळालं, घरचं सगळं मार्गी लागलं आणि देव तेवढा सोबत नाही, हे तुझ्या लक्षात यायला किती दिवस लागतील?

त्याच अध्यायात पुढे आणखी एक आहे. देव सोबत यायला कबूल झाल्यावर मोशेने गप्प बसायला हवं होतं, आपण बसलो असतो. तो म्हणतो, आता तुझं तेज मला दाखव. मित्राशी बोलावं तसा देव ज्याच्याशी समोरासमोर बोलत होता, त्याचीच भूक अशी वाढत गेली. आणि तो देश? त्यात मोशेचं पाऊल पडलंच नाही. नबो डोंगरावरून त्याने तो नुसता पाहिला. तरी त्याचं आयुष्य फुकट गेलं असं शास्त्रात कुठे म्हटलेलं नाही.

तू लिहितोस, 'डेप्युटी कलेक्टर झालो तर देवाचीच सेवा करीन.' बाळा, याला आपल्याकडे नवस म्हणतात. आम्ही ख्रिस्ती लोक नवस बोलत नाही असं आपण सांगतो, आणि उपास धरून तोच सौदा करतो. सेवेची इच्छासुद्धा देवाच्या आड येऊ शकते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या १८९५ च्या बाप्तिस्म्याची गोष्ट आपण सारखी सांगतो: घर तुटलं, लक्ष्मीबाईंपासून काही वर्षं ताटातूट झाली. मला १९१७ जास्त विचार करायला लावतं. तोवर मंडळीत नाव होतं, भजनं घरोघरी गायली जात होती, काम देवाचंच होतं. त्या वयात मिशनची पगाराची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. तू नोकरी शोधूच नकोस असा याचा अर्थ काढू नकोस. लोकसेवा आयोगाचं ऑफिस रेसिडेन्सीत आहे आणि व्हाइट चर्चही त्याच बाजूला. एकाकडे गेलं की दुसरीकडे पाठ होते असं काही नाही. मित्रांबरोबर सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू खाण्यातही मला पाप दिसत नाही.

बरोबरीच्या मुलांचे निकाल लागतात आणि तुला प्रार्थनाच नकोशी होते, म्हणालास. स्तोत्रकर्त्या आसाफाचं तेच झालं होतं. ७३ वं स्तोत्र वाच. देवाला न जुमानणाऱ्यांची भरभराट बघून त्याचे पाय घसरायच्या बेतात होते. मग तो देवाच्या पवित्रस्थानात जातो. बाहेरची परिस्थिती तसूभर बदललेली नाही, पण शेवटी तो म्हणतो, देवाजवळ असणं यातच माझं भलं आहे. निकालाच्या दिवशी हे स्तोत्र हाताशी ठेव.

आता करायचं काय ते सांगते. सकाळी फोन हातात घेण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाच, मराठीतून. उपासना हिंदीत होते म्हणून घरची भाषा सोडू नकोस. रूममेट झोपला असेल तर गच्चीवर जा. त्यानंतरची दहा मिनिटं काहीही मागायचं नाही. पहिल्या आठवड्यात फार अवघड जाईल, कारण मागणं काढून घेतलं की देवाशी बोलायला आपल्याकडे काही उरत नाही हे तेव्हा कळतं. तरी बस. यादी संध्याकाळी वाच, ती फाडायची नाही.

आणि काही जाणवलं नाही तर धास्तावू नकोस. रात्रजागरणाच्या प्रार्थनेत रडू येतं म्हणजेच देव जवळ आला, हे मला पटत नाही. पेटी-ढोलकीनेही रडू येतं. कोरड्या दिवसांत ६३ वं स्तोत्र घे. दावीद यहूदाच्या रानात होता तेव्हाचं ते आहे, मथळ्यातच तसं लिहिलंय. तिथून सुरुवात कर.

तुझी,
मावशी