जुन्या ब्रिटिश मोटरसायकली चालवण्याचं आणि शर्यतीत पळवण्याचं वेड अजून का टिकलंय?

कारण त्या गाड्या तुम्हाला कामाला लावतात.

बीएसए गोल्डस्टार ५०० घ्या. बटण दाबलं आणि निघालो, असं नाही. कार्बोरेटरची (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा भाग) छोटी कळ दाबून पेट्रोल वर येऊ द्यायचं, किक हळूहळू दाबत पिस्टन कुठे अडतो ते पायानेच ओळखायचं, व्हॉल्व्ह लिफ्टर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून तो अडथळा जरासा ओलांडायचा आणि मग पूर्ण लाथ. चुकलात तर किक उलटी नडगीवर. जुनी बुलेट चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. उजव्या पायात गिअर, डाव्यात ब्रेक हीसुद्धा तिकडचीच देणगी.

शर्यतीचं आकर्षण मात्र बरंचसं फ्रेममध्ये, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात आहे. १९५० साली नॉर्टन या ब्रिटिश कंपनीने बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसची फ्रेम वापरली. नॉर्टनचा स्वार हॅरॉल्ड डॅनियल म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, म्हणून नाव पडलं 'फेदरबेड'. त्याच वर्षी जेफ ड्यूकने तिच्यावर आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी ही शर्यत जिंकली. एकच सिलिंडर, ताकद बेताची, म्हणून वळणावर वेग गमवायचा नाही, हे कसब. ते आजही पाहायला मिळतं: सप्टेंबरात इंग्लंडमधल्या गुडवुड रिव्हायवल या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जुन्या गाड्यांची शर्यत असते, एका गाडीवर दोन स्वार आळीपाळीने.

तेल गळतंच. (गळत नसेल तर आधी टाकी तपासा.) पण बिघाड बहुतेकदा डोळ्यांनी दिसतो आणि पाना-पकडीने निस्तरता येतो. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने इलेक्ट्रिक स्टार्ट आणि डिस्क ब्रेक देऊन या गाड्यांचा बाजार उठवला, ते योग्यच होतं. रोज ऑफिसला जायला मीही होंडाच घेईन.