रस्ता दाखवणारे यंत्र घेताना नेमके कशाचे पैसे मोजावेत?

उपग्रहांच्या साहाय्याने जागा व वाट दाखवणाऱ्या उपकरणांच्या खरेदीविषयी वाचकांकडून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी सहा प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (नाशिक): मी जुनी मोटार घेतली असून तिच्या डॅशबोर्डवर पडदा नाही. दुकानदाराने काचेला चिकटवायचा स्वतंत्र नॅव्हिगेटर दाखवला. हाताशी मोबाइल असताना असे वेगळे यंत्र घ्यावे का? आणि एके काळी सर्वत्र दिसणारी ही यंत्रे गेली कुठे?

उत्तर: आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवत असतात आणि ते पकडण्यासाठी कोणालाही शुल्क द्यावे लागत नाही. आपल्या हातातले यंत्र रेडिओप्रमाणे फक्त ऐकते, उपग्रहाला ते काहीही कळवत नाही. मॅगेलन कंपनीने १९८९ मध्ये हातात धरता येईल असा पहिला जीपीएस रिसीव्हर सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत तीन हजार डॉलरच्या घरात होती. शिवाय अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम दोष मिसळत असल्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. इतकी चूक असताना आपली गाडी महामार्गावर आहे की शेजारच्या गल्लीत, हे यंत्राला सांगता येणे शक्य नव्हते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या आरंभी तो दोष काढून टाकण्यात आला आणि त्यानंतरच मोटारीतल्या नॅव्हिगेटरला खरी बाजारपेठ मिळाली. नेदरलँड्सच्या टॉमटॉमने २००४ मध्ये ‘गो’ आणि अमेरिकेच्या गार्मिनने २००५ मध्ये ‘नुव्ही’ ही मालिका आणली. पुढची काही वर्षे युरोप-अमेरिकेत ही यंत्रे दिवाळीच्या आकाशकंदिलांसारखी खपली.

त्या काळात या कंपन्यांनी स्वतः सर्वाधिक पैसा कशावर लावला, हे ग्राहकाने पाहण्यासारखे आहे. युरोप-अमेरिकेतील रस्त्यांचे तपशीलवार अंकीय नकाशे मुख्यतः नॅव्हटेक आणि टेली अॅटलस या दोन कंपन्यांकडे होते. २००७ मध्ये नोकियाने नॅव्हटेकसाठी ८.१ अब्ज डॉलर मोजायचे ठरवले. टेली अॅटलससाठी टॉमटॉम आणि गार्मिन यांच्यात चढाओढ लागली आणि शेवटी टॉमटॉमला २.९ अब्ज युरो द्यावे लागले. उपग्रहांचा संकेत फुकट होता आणि तो पकडणारी चिपही दिवसेंदिवस स्वस्त होत होती. टिकून राहणारे मोल नकाशाचे आणि तो सतत ताजा ठेवण्याच्या यंत्रणेचे होते.

मग २८ ऑक्टोबर २००९ रोजी गुगलने अमेरिकेतील अँड्रॉइड फोनसाठी वळणावळणाला सूचना देणारे नॅव्हिगेशन विनामूल्य जाहीर केले आणि टॉमटॉम व गार्मिन यांचे समभाग लगेच घसरले. तीन महिन्यांत नोकियानेही आपले नकाशे फुकट केले. ज्या वस्तूसाठी लोक पैसे मोजत होते तीच विनामूल्य मिळू लागल्यावर काचेवरच्या वेगळ्या डबीला ग्राहक उरला नाही. टॉमटॉम पुढे मोटारकंपन्या व अन्य उद्योगांना नकाशे पुरवण्याकडे वळली. गार्मिनने मनगटी घड्याळे, गिर्यारोहण, नौका आणि विमाने ही क्षेत्रे वाढवली. आपल्याकडे मॅपमायइंडियाने स्वतःचे डॅशबोर्ड नॅव्हिगेटर विकले होते. आज तिचे नकाशे मोटारकंपन्यांच्या पडद्यांत आणि ‘मॅपल्स’ या अॅपवर मिळतात.

आता आपल्या मोटारीकडे येऊ. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याआधीचा नकाशा असलेले यंत्र त्या रस्त्यावर आपली गाडी डोंगरातून आणि शेतांतून चालल्याचे दाखवेल. म्हणून दुकानदाराला एवढेच विचारावे, की यातील भारताचा नकाशा कोणत्या महिन्यातला आहे, पुढचे अपडेट किती वर्षे मिळतील आणि त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतील का. याची लेखी उत्तरे मिळाली नाहीत तर ते यंत्र घेऊ नये. वाहतूककोंडीची ताजी माहिती रस्त्यावरून जाणाऱ्या असंख्य फोनांच्या वेगावरून तयार होत असते आणि इंटरनेटशी न जोडलेल्या यंत्राला ती मिळण्याचा मार्ग नाही.

माझा सल्ला असा, की चांगला पक्का मोबाइल होल्डर आणि दर्जेदार कार-चार्जर घ्यावा आणि घरच्या वाय-फायवर आपल्या विभागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. उन्हाळ्यात फोन पुढच्या काचेवर लावू नये. थेट उन्हात तो तापतो, पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबते. एसीच्या झरोक्यापाशी लावलेला फोन अधिक काळ नीट चालतो.

प्रश्न (सोलापूर): अमेरिकेतील भाच्याने त्याचा २००८ सालचा नॅव्हिगेटर मला दिला. पेटीवर ‘आजीवन नकाशे’ असे लिहिले आहे. तो इथे चालेल का?

उत्तर: तो आपले अक्षांश-रेखांश बहुधा बरोबर दाखवेल, पण त्यात नकाशा उत्तर अमेरिकेचा असल्यामुळे सोलापूर त्याला मोकळ्या पडद्यासारखे दिसेल. भारताचा नकाशा इतक्या जुन्या यंत्रासाठी मिळणे कठीण आहे, आणि मिळाला तरी आतील साठवणजागा अपुरी पडेल. तारीख चुकीची दिसल्यास आश्चर्य वाटू देऊ नये. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची मोजणी १,०२४ झाली की पुन्हा शून्यावर येते. असे ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री घडले आणि ज्या जुन्या यंत्रांच्या आज्ञावलीत त्याची सोय नव्हती ती सुमारे वीस वर्षे मागे गेली.

‘आजीवन’ या शब्दाविषयी ग्राहकांना स्पष्ट सांगितले जात नाही याची मला मनापासून चीड आहे. हे आयुष्य ग्राहकाचे नसून यंत्राचे असते आणि ते कधी संपले हे कंपनी ठरवते. टॉमटॉमने २०१८ च्या सुरुवातीला आपल्या अनेक जुन्या यंत्रांचे नकाशे यापुढे अद्ययावत होणार नाहीत असे कळवले, तेव्हा आजीवन सेवा घेतलेले ग्राहकही त्यात होते. भेट म्हणून यंत्र जपून ठेवावे, त्यावर पैसे खर्च करू नयेत.

प्रश्न (पुणे): आम्ही सह्याद्रीत आडवाटांवर भटकतो. हातात धरायचे जीपीएस यंत्र, मनगटी घड्याळ आणि मोबाइल यांपैकी काय घ्यावे? रेंज नसताना मोबाइलचे जीपीएस बंद पडते असे आमच्यातील काही जण म्हणतात.

उत्तर: हा गैरसमज इतका पसरला आहे की आधी तो दूर करणे आवश्यक आहे. मोबाइलला जागा उपग्रहांवरूनच कळते आणि त्यासाठी रेंज लागत नाही. रेंज नसताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे अॅपने नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर कोऱ्या पडद्यावर फक्त एक ठिपका दिसतो. दुसरी म्हणजे पहिली जागा सापडायला वेळ लागतो. कोणता उपग्रह कोठे आहे ही माहिती फोन एरवी इंटरनेटवरून क्षणात घेतो, पण उपग्रह स्वतः ती सेकंदाला केवळ ५० बिट या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील यायला अर्धा मिनिट लागते आणि सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटे. म्हणून पायथ्याच्या गावात, रेंज असतानाच, जीपीएस सुरू करून जागा पक्की करून घ्यावी आणि नंतर विमान-मोड लावून बॅटरी वाचवावी.

अचूकतेचा प्रश्न वेगळा आहे. घळीत किंवा कड्याच्या पोटात उभे असताना अर्धे आकाश झाकलेले असते आणि काही संकेत समोरच्या कातळावर आदळून उशिरा पोहोचतात. संकेत यायला लागलेल्या वेळेवरूनच यंत्र उपग्रहाचे अंतर काढते, म्हणून तो उशीर ते जादा अंतर समजते आणि वाट शेजारच्या धारेवर असल्याचे दाखवते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी हे सहज घडू शकते, आणि तेथे वीस मीटरची चूक फार मोठी असते. एल-१ आणि एल-५ अशा दोन वारंवारता वापरणारे उपकरण परावर्तित संकेत बऱ्यापैकी ओळखू शकते. २०१८ पासून अशी सोय असलेले फोन बाजारात आहेत आणि आता अनेक घड्याळांतही ती आहे. घेताना ‘दुहेरी वारंवारता’ असे तपशीलात स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहावे. ‘अनेक उपग्रहप्रणाली’ एवढ्याच उल्लेखावर समाधान मानू नये. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू यांचे उपग्रह धरल्याने डोक्यावर अधिक उपग्रह मिळतात हे खरे, पण कातळावरून परतणाऱ्या संकेताचे ते पुरेसे उत्तर नाही.

हातात धरायच्या स्वतंत्र यंत्राचे गुण वेगळेच आहेत. पावसात भिजलेल्या बोटांनी मोबाइलचा पडदा ऐकत नाही, बटणांचे यंत्र मात्र चालते. साधी मॉडेले दोन पेन्सिल सेलवर वीस-पंचवीस तास चालतात आणि सेल पायथ्याच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. मुख्य म्हणजे आणीबाणीत बोलण्यासाठी मोबाइलची बॅटरी शिल्लक राहते. त्याचा दोष असा, की त्यासोबत मिळणाऱ्या नकाशात आपले किल्ले बहुतेक कोरे असतात. त्यात ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेला विनामूल्य नकाशा घालता येतो, परंतु ते जमेल का हे खरेदीपूर्वीच तपासावे. स्वयंसेवकांनी नोंदवलेल्या पायवाटा, पाण्याची टाकी आणि गुहा त्यात बऱ्याच ठिकाणी सापडतात. आपणही आपल्या वाटांची नोंद तेथे करावी, ही माझी विनंती आहे.

वर्षातून चार-सहा वेळा मळलेल्या वाटांवर जाणाऱ्याला मोबाइल, उतरवलेला नकाशा आणि एक पॉवर बँक पुरेशी आहे. घड्याळ मार्गाची नोंद ठेवायला उत्तम, पण लहान पडद्यावर अनोळखी रान वाचणे अवघड जाते. नियमितपणे आणि पावसाळ्यात आडवाटेला जाणाऱ्या गटाने एक बटणांचे यंत्र जरूर घ्यावे. मात्र दुसऱ्याने नोंदवलेल्या मार्गावर विसंबून पावसाळी घळीत उतरू नये. मार्च महिन्यात नोंदवलेली वाट जुलैत ओढा झालेली असते आणि हे फक्त गावातला वाटाड्या सांगू शकतो.

प्रश्न (अलिबाग): समुद्रकिनाऱ्यावर उभे असताना एका अॅपने आमची उंची उणे साठ मीटरच्या आसपास दाखवली. फोन बिघडला आहे का?

उत्तर: फोन ठीक आहे. उपग्रहप्रणाली पृथ्वीला किंचित चपटा, गुळगुळीत गणिती गोलाभ मानून त्याच्या पृष्ठापासून उंची मोजते. प्रत्यक्ष समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती या गोलाभापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे, आणि त्याच विस्तीर्ण खोलगट भागाच्या कडेला आपली पश्चिम किनारपट्टी येते. चांगली उपकरणे हा फरक आतल्या तक्त्यावरून वजा करून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात, तर काही अॅप कच्चा आकडा तसाच दाखवतात. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर जाऊन ताडून पाहिल्यासही असाच फरक दिसेल. अॅपच्या सेटिंगमध्ये समुद्रसपाटीचा पर्याय असल्यास तो निवडावा, नसल्यास अॅप बदलावे.

प्रश्न (ठाणे): मुलगा अमेरिकेहून येताना मला उपग्रहावरून संदेश पाठवणारे जीपीएस यंत्र आणणार आहे. हिमालयातील पदभ्रमणात ते उपयोगी पडेल असे तो म्हणतो. काही अडचण आहे का?

उत्तर: अडचण गंभीर आहे आणि मुलगा विमानात बसण्यापूर्वीच त्याला हे कळवावे. साधे जीपीएस यंत्र फक्त संकेत ऐकते. गार्मिनच्या ‘इनरीच’सारखे यंत्र मात्र इरिडियम या कंपनीच्या दूरसंचार उपग्रहांकडे स्वतः संदेश पाठवते, म्हणून भारतीय कायद्याच्या दृष्टीने ते उपग्रह फोनच्या रांगेत बसते. अशी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी उपग्रह फोन वापरला होता, हे लक्षात घेतल्यास या काटेकोरपणाचे कारण समजते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक महिलेला सामानात असे यंत्र सापडल्यामुळे अटक झाली. पुढच्याच महिन्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांना या नियमाची जाणीव करून देण्याच्या सूचना विमानकंपन्यांना दिल्या.

परदेशांत ही यंत्रे दुकानांत उघडपणे मिळतात आणि अनेकांचे प्राण त्यांनी वाचवले आहेत. गिर्यारोहकांसाठी सुलभ परवाना पद्धत असावी, असे माझे ठाम मत आहे. ती येईपर्यंत मुलाने हे यंत्र तिकडेच ठेवावे. वस्तू ओळखण्याची खूण अशी, की जिच्यासोबत उपग्रह संदेशांचे मासिक शुल्क भरावे लागते ती वस्तू आणण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

प्रश्न (नागपूर): दुकानदार ‘नाविक’ असलेल्या उपकरणाचे जादा पैसे मागतो. ते द्यावेत का?

उत्तर: नाविक ही इस्रोची, भारत व भोवतालच्या प्रदेशापुरती उपग्रहप्रणाली आहे. आपले स्वतःचे साधन असावे यासाठी तिचे महत्त्व मोठे आहे आणि ती सशक्त व्हावी असे मला मनापासून वाटते. परंतु तिच्या काही उपग्रहांची, जागा ठरवण्यासाठी लागणारी अचूक वेळ देणारी अणुघड्याळे बंद पडली आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा तिचा नवा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. सामान्य फोनांना सोयीचा असलेला एल-१ संकेत मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासूनच सुरू झाला आहे. त्यामुळे आज उपकरणाची जागा मुख्यतः जीपीएस, गॅलिलिओ इत्यादींवरून ठरते आणि नाविकची त्यात भर पडते. दुहेरी वारंवारतेच्या कित्येक चिपमध्ये नाविकची सोय आधीपासून असते, त्यासाठी वेगळी किंमत देण्याचे कारण नाही. तेच पैसे नकाशाच्या अपडेटची लेखी हमी देणाऱ्या उपकरणासाठी ठेवावेत.