संमोहनात नको ते बोलून बसले तर?

'ताई, डिप्रेशनसाठी गोळ्या आणि सीबीटी (मनातले विचार तपासून बदलायची थेरपी) सुरू आहे. वहीत मांडलेले विचार डोक्याला पटतात, पण आत उतरत नाहीत. थेरपिस्ट म्हणतात, जोडीला संमोहन करून बघू. नवरा म्हणतो, ही भोंदूगिरी आहे. मलाही धाकधूक वाटते, त्या अवस्थेत नको ते बोलून बसले तर?' – अनामिका

अनामिका,

आधी भीतीचं बघू. संमोहनात माणूस बेशुद्ध होत नाही, कुणाच्या ताब्यातही जात नाही. लक्ष एका जागी एकवटतं, बाकीचं मागे पडतं. समोरच्याचं बोलणं ऐकू येत असतं आणि नको वाटलं तर डोळे उघडून सरळ उठता येतं. जे सांगायचं नाही, ते तू सांगणार नाहीस. स्टेजवरच्या खेळांनी संमोहनाचं नाव इतकं खराब केलंय की नवऱ्याला तरी काय दोष द्यायचा!

'आत उतरत नाही' म्हणतेस ना, नेमकं तिथेच याचं काम असतं. समज, वरिष्ठांचा मेसेज आला, 'उद्या भेटा.' याचे चार अर्थ निघतात हे वहीत लिहिलेलं असतं, पण पोटात गोळा आला की वही आठवते कुणाला? संमोहनात अंग सैल सोडून, डोळे मिटून तोच प्रसंग संथपणे उभा करतात. मेसेज दिसला, छातीत धस्स झालं, 'आता मला काढणार' असं मनात आलं. तिथेच थांबायचं, श्वास सोडायचा आणि वहीतला दुसरा विचार त्या क्षणी म्हणून बघायचा. थोडक्यात, तालीम. घरी ऐकायला रेकॉर्डिंगही देतात.

गुण येतो का? 2007 मध्ये अलादिन आणि अलिभाई या संशोधकांनी नैराश्य असलेल्या 84 जणांवर 16 आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुधारणा दोन्ही गटांत झाली, पण नुसत्या सीबीटीपेक्षा संमोहनाची जोड असलेल्या गटात नैराश्य 6 टक्के आणि हताशपणा 8 टक्के जास्त कमी झाला. वर्षभराने पाहिलं तेव्हाही हा फरक टिकून होता. फरक आहे, पण बेताचा. एवढ्यावर हुरळून जाऊ नकोस आणि गोळ्या तर मनाने मुळीच बंद करू नकोस.

थेरपिस्टना त्यांचं संमोहनाचं प्रशिक्षण कुठे झालं ते बिनधास्त विचार. पूर्वजन्म किंवा दडलेल्या आठवणी उकरून काढण्याची भाषा कुणी केली, तर तिथून उठ. अशा सूचनांमुळे न घडलेल्या गोष्टीही खऱ्या वाटायला लागतात. पूर्वी कधी भास झाले असतील किंवा झोपच नको वाटावी इतका उत्साह चढला असेल, तर ते आधी सांग आणि गोळ्या देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनाही विचारून घे. डोळे मिटल्यावर काळेच विचार दाटून आले तर गप्प बसून सोसू नकोस, तिथल्या तिथे बोल. आणि जीव नकोसा झाल्याचा विचार आला तर पुढच्या सेशनची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ, घरच्यांनाही सांग.

नवऱ्याला एकदा थेरपिस्टकडे सोबत घेऊन जा. त्याच्या शंका त्याने स्वतः विचारू देत. आधीच थकलेल्या तुझ्यावर त्याला पटवून द्यायचं कामही कशाला?

– तुझी ताई